आकडा आणि तारीख

शाळेतून वर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर एकाच प्रश्नाचे उत्तर असते, आणि तो प्रश्न म्हणजे ‘किती?’ पटावर किती, हजर किती, उत्तीर्ण किती, शाळा सोडून गेले किती. वरून येणारा कागदही बहुधा हाच प्रश्न घेऊन येतो. मी मराठी व इतिहास शिकवते. गणिताशी माझे नाते सलोख्याचे आहे, घरोब्याचे नव्हे. तेव्हा कोष्टकांविषयी लिहिण्याचा अधिकार हिला कोणी दिला, असे आमचे गणिताचे गुरुजी विचारल्यावाचून राहणार नाहीत. माझे उत्तर इतकेच की, इतिहास शिकवणाऱ्या माणसाला ‘किती?’पेक्षा ‘केव्हा?’ हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा असतो. आणि कोष्टकाच्या घरात संख्येच्या जागी तारीख लिहिली तर काय होते, एवढाच माझ्या लेखाचा विषय आहे. तो दिसतो तितका रुक्ष नाही.

विद्यार्थिमित्रहो, आडव्या-उभ्या कोष्टकाची तुम्हाला ओळख आहेच. आडव्या ओळींत एक गोष्ट मांडावयाची, उभ्या स्तंभांत दुसरी. ओळ व स्तंभ जेथे एकमेकांस छेदतात तेथे एक घर तयार होते. आपल्या ग्रंथालयाचे कोष्टक घ्या. ओळींत इयत्ता आहेत. स्तंभांत कथा, चरित्र, प्रवास, विज्ञान असे प्रकार आहेत. आठवीच्या ओळीत, चरित्राच्या स्तंभाखाली सात लिहिले असेल, तर आठवीच्या मुलांनी चरित्राची सात पुस्तके नेली असा त्याचा अर्थ. घर दिसले की त्यात संख्या भरावयाची, असे आपल्या हाताला वळण पडून गेले आहे. यंत्रांनाही आपण तेच वळण लावले आहे. त्याविषयी पुढे सांगेनच.

परंतु घरात संख्या नसलेले एक कोष्टक आपण सारेच वापरतो, आणि ते म्हणजे आगगाडीचे वेळापत्रक. मी बालाघाट जिल्ह्यातील हट्टा येथे राहते आणि रोज सकाळी हट्टा रोड स्थानकावर गाडी धरून, राज्याची सीमा ओलांडून शाळेत येते. एके काळी या मार्गावर अरुंद रुळांची लहानशी गाडी धावत असे. आता मार्ग रुंद झाला आहे. वेळापत्रकाच्या ओळींत स्थानके असतात, स्तंभांत गाड्या असतात आणि घरांत वेळा. एखाद्या संख्याप्रेमी अधिकाऱ्याने ते आपल्या पद्धतीने करावयाचे ठरवले, तर जेथे गाडी थांबते तेथे तो १ लिहील आणि थांबत नाही तेथे शून्य. खाली बेरीज येईल. ती बिनचूक असेल. गाडी मात्र चुकेल.

आमचे हट्टा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलेले असेल. गावाच्या नावातच हट्ट आहे, आणि गोंड राजवटीच्या काळातली म्हणून ओळखली जाणारी तेथली खोल, मजलेदार बावडी पाहिली म्हणजे तो हट्ट किती जुना आहे हेही कळते. मी मात्र तेथली नव्हे. माझे माहेर गोव्यातील पेडणे तालुक्यात. मायबोली कोकणी, शिक्षण मराठीतून, संसार हिंदी भाषिक राज्यात आणि नोकरी पुन्हा मराठी शाळेत. इतिहासाच्या तासाला मी कधीकधी फळ्यावर एक छोटे कोष्टक काढते. ओळी दोनच: गोंदिया आणि पेडणे. प्रश्न असा की, १९५० नंतर या गावांच्या राज्यकारभारात मोठे बदल किती झाले? गोंदियाच्या घरात ३ आणि पेडण्याच्या घरात २ लिहिणाऱ्या मुलाला मी गुण देते, कारण त्याचे उत्तर बरोबर आहे. परंतु त्या ३ आणि २ कडे तासभर टक लावून पाहिले तरी त्यांतून काही निघत नाही. मग मी संख्या पुसून तारखा लिहिते. गोंदिया: १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा जिल्ह्याबरोबर मुंबई राज्यात, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात, १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा. पेडणे: १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्ती, ३० मे १९८७ रोजी घटक राज्य. तारखा लिहिल्याबरोबर वर्गात हात वर होऊ लागतात. एका मुलीने विचारले, “बाई, म्हणजे महाराष्ट्र झाला त्या दिवशी तुमच्या गावावर अजून पोर्तुगीजांचेच राज्य होते?” दुसऱ्याच्या लक्षात आले की, १ नोव्हेंबर १९५६ च्या आदल्या दिवसापर्यंत हट्टा आणि गोंदिया ही एकाच राज्यातील गावे होती व दोहोंची राजधानी नागपूर होती. हे प्रश्न ३ आणि २ यांच्या पोटात दडलेले नव्हते काय? होते. पण संख्या करताना ते बाहेर टाकले गेले होते, आणि एकदा बाहेर टाकलेले पुन्हा आत घालता येत नाही. तारखांवरून संख्या केव्हाही मोजून काढता येते. संख्येवरून तारखा काढता येत नाहीत.

आमच्या आजीला हे न शिकता ठाऊक होते. सुटीत घरी गेले की ती दारातच विचारी, “केन्ना आयलें गो?” कितीजण आलात, किती दिवस राहणार, हे प्रश्न मागाहून. गावातील प्रत्येकाचा जन्म तिला अमुक चवथीच्या आदल्या रात्री, तमुक शिगम्याच्या आठवड्यात, मुक्तीच्या वर्षीच्या पावसाळ्यात, असा पाठ होता. गावात माणसे किती, हे मात्र तिने आयुष्यात कधी मोजले नसावे.

आता मी शाळेतील गोष्ट सांगते. तीमधील मुलांची ओळख पटू नये म्हणून वर्ष व इयत्ता सांगत नाही आणि तपशीलही थोडे बदलून सांगते. परंतु वाकबगार शिक्षकांना ही मुले आपल्याही वर्गात सापडतील.

वर्षअखेरीस वर्गशिक्षकाला गैरहजेरीचा तक्ता करावा लागतो. ओळींत विद्यार्थी, स्तंभांत महिने, घरांत दिवसांची संख्या, आणि शेवटच्या स्तंभात एकूण. त्या वर्षी माझ्या तक्त्यात एका मुलाच्या आणि दोन मुलींच्या नावांपुढे एकच संख्या आली: २८. तिघांची नावे एकाच यादीत जाणार होती आणि यादीच्या शिरोभागी शब्द होता ‘अनियमित’. अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस. तक्त्याच्या दृष्टीने ही तिघे भावंडेच.

मी हजेरीपट पुन्हा उघडला. हजेरीपटात तारखा असतात, त्या स्तंभांच्या डोक्यावर असतात; महिन्याची बेरीज करून आपण पान उलटले की त्या तेथेच राहतात. तिघांच्या जुलै महिन्याच्या तारखा मी कागदावर उतरवून घेतल्या. मुलगा चार दिवस गैरहजर होता: ३, १०, १७ व २४. पहिली मुलगी बारा दिवस: ८ पासून २० पर्यंत, मधला रविवार वगळून सलग. दुसरी मुलगी चार दिवस: १५, १६, १७, १८.

मुलाच्या तारखा वाचणे सोपे होते. सात-सात दिवसांच्या अंतराने येणारा तो वार आमच्याकडील आठवडी बाजाराचा. वडिलांचे दुकान पालाखाली लागते, आणि गठ्ठे उतरवून घ्यायला दोन हात कमी पडतात.

पहिल्या मुलीच्या तारखा ओळखायला तर या भागात कोणालाही वेळ लागू नये. आमच्या कोकणात जिला लावणी म्हणतात तिला इकडे रोवणी म्हणतात. वैनगंगेच्या दोन्ही अंगांनी हा सारा धानाचा मुलूख आहे. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. चिखलात वाकून एकेक रोप रोवणाऱ्या बायांची रांग रस्त्यावरून पाहताना फार सुंदर दिसते. त्या रांगेत तेरा-चौदा वर्षांची मुलगी असते ती बहुधा शाळेच्या पटावरची असते. या मुलीच्या गैरहजेरीचा दुसरा मोठा पट्टा नोव्हेंबरात होता, म्हणजे धानकापणीत. मधल्या महिन्यांत ती क्वचितच चुकली होती.

दुसऱ्या मुलीच्या तारखांपाशी मी थांबले. जुलैत १५ ते १८. ऑगस्टात १२ ते १४. सप्टेंबरात ९ ते १२. महिन्याच्या तक्त्यात तिची घरे अगदी निरुपद्रवी दिसत होती: ४, ३, ४. एवढी गैरहजेरी कोणाची नसते? तिच्या संख्येकडे कोणीही दोनदा पाहिले नसते. परंतु १५ जुलै ते १२ ऑगस्ट मोजा, आणि १२ ऑगस्ट ते ९ सप्टेंबर मोजा. दोन्ही वेळा अठ्ठावीस दिवस. मी स्त्री आहे. मला पुढचे मोजावे लागले नाही. मुलींच्या स्वच्छतागृहात त्या वर्षी नळाला पाणी नव्हते आणि दाराला आतून कडी नव्हती. ही गोष्ट शाळेत सर्वांना ठाऊक होती आणि कोणाच्याही कागदावर नव्हती.

वाचकांस हे एखाद्या गुप्तहेराच्या कथेसारखे वाटेल. परंतु यात माझी हुशारी यत्किंचितही नाही. तारखा स्वतःच बोलत होत्या. तीन मुलांची तीन कारणे होती आणि तीन उपाय होते. बाजाराच्या दिवशी येणारा गणिताचा दुहेरी तास दुसऱ्या वारावर नेता आला. रोवणीच्या पंधरवड्यात घटक चाचणी ठेवू नये आणि त्या दिवसांतील धडे नंतर एकदा उजळावेत, एवढे करता आले. रोवणी आम्हाला थांबवता येत नव्हती आणि ती थांबवा असे भाताच्या ताटावर बसून सांगण्याचे धाष्टर्य माझ्यात नाही. नळाला मात्र पाणी आणावे लागले. कडी तर एका पालकाने स्वतः येऊन अर्ध्या तासात बसवून दिली. ‘अनियमित, २८’ या संख्येवर यांतला एकही उपाय लिहिलेला नव्हता.

पुढच्या वर्षी असा तक्ता हाताने न करता संगणकावर करावा असे ठरले. संगणक शिकवणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी एक्सेलमध्ये प्रत्येक गैरहजेरीची एक ओळ भरली: नाव, महिना, तारीख. मग यंत्राला सांगितले की, नावे आडवी घे, महिने उभे घे आणि घरात तारीख ठेव. यंत्राने क्षणार्धात कोष्टक मांडले, आणि घरांत आले ४, १२, ४. आपण तारीख मागितली होती. त्याने तारखा मोजल्या! यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. एका घरात चार तारखा आल्या असता त्या चौघींनी एका आसनावर बसावे कसे, हा प्रश्न त्याच्यापुढे होता, आणि मोजून टाकणे हा त्याने काढलेला सर्वांत सोपा मार्ग होता.

येथे खरी मेख आहे. ‘किती?’ या प्रश्नाला उत्तर एकच असते. ‘केव्हा?’ विचारले की यंत्र उलट विचारते: पहिली तारीख सांगू की शेवटची? म्हणजे आपल्याला काय जाणून घ्यावयाचे आहे, ते आधी आपल्यालाच ठरवावे लागते. रोग गावात कधी शिरला ते हवे असेल तर पहिली तारीख हवी. हातपंपाची दुरुस्ती होऊन किती काळ लोटला ते हवे असेल तर शेवटची. आमच्या गुरुजींनी यंत्राला ‘मोजणी’ सोडून ‘सर्वांत लहान’ आणि ‘सर्वांत मोठी’ असे दोन्ही पर्याय दिले, आणि मी हट्टाने तिसरी म्हणून जुनी संख्याही शेजारी ठेवून घेतली. तिन्ही एकत्र आल्यावर गंमत दिसली. पहिली तारीख ३, शेवटची २४, संख्या ४: तारखा पांगलेल्या आहेत. पहिली ८, शेवटची २०, संख्या १२: सलग पट्टा आहे. पहिली व शेवटची यांतले अंतर संख्येच्या जवळपास असेल तर मूल एकदाच थांबले. अंतर मोठे व संख्या लहान असेल तर ते पुनःपुन्हा थांबते आहे. चार ओळींचा हा हिशोब मला पुष्कळ उपदेशपर पुस्तकांहून उपयोगी पडला आहे.

आणखी एक मौज सांगते, ती खास मुलांसाठी. यंत्राने तारीख दिली तेव्हा प्रथम तारीख दिसलीच नाही. प्रत्येक घरात एक पाच अंकी संख्या आली. मला वाटले यंत्र बिघडले. बिघडले नव्हते. एक्सेल प्रत्येक दिवसाला क्रमांक देते: १ जानेवारी १९०० हा क्रमांक १, आणि तेथून पुढे रोज एकेक वाढवत जावयाचे. या हिशोबाने १५ ऑगस्ट १९४७ चा क्रमांक १७३९४ येतो, आणि माझ्या गावाच्या मुक्तीचा, १९ डिसेंबर १९६१ चा, २२६३४. घराचे रूप बदलून ‘हे तारखेसारखे दाखव’ असे सांगितले की संख्या पुन्हा तारीख होते. म्हणजे आकडा आणि तारीख यांचे जे भांडण मी इतका वेळ रंगवत आहे, ते यंत्राच्या पोटात नाहीच. तेथे तारीख हाही एक आकडाच आहे. याच क्रमांकांत एक ठिगळही आहे. ६० क्रमांकाचा दिवस म्हणून यंत्र २९ फेब्रुवारी १९०० दाखवते. असा दिवस झालाच नाही, कारण १९०० हे लीप वर्ष नव्हते. आधीच्या एका कोष्टक-आज्ञावलीतली ही चूक एक्सेलने तिच्याशी जुळवून घेण्यासाठी जाणूनबुजून उचलली आणि ती आजतागायत तशीच आहे. आणि ज्या मुलाची वर्षभरात एकही गैरहजेरी नव्हती, त्याचे नाव राहावे म्हणून तारखेविना एक कोरी ओळ भरली होती. त्याच्या घरात छापून आले, ‘० जानेवारी १९००’. त्या दिवशी त्याचे पणजोबाही जन्मले नसतील.

कोऱ्या घराविषयी थोडे गंभीरपणे बोलले पाहिजे. संख्येच्या कोष्टकात शून्य असते आणि शून्य डोळ्यांना निवांत वाटते. तारखेच्या कोष्टकात शून्याला जागा नाही. घर कोरे राहते, आणि कोरे घर माणसाला स्वस्थ बसू देत नाही. याचे उत्तम उदाहरण बहुतेक घरांत, धान्याच्या डब्यामागे किंवा देवघराच्या खणात, जपून ठेवलेले असते: बाळाच्या लसीकरणाचे कार्ड. माझ्या मुलाचे कार्ड हट्ट्याच्या अंगणवाडीतले, हिंदीत छापलेले. त्यात लसी आणि वेळा यांची घरे आहेत आणि प्रत्येक घरात तारीख लिहिली जाते. जन्मतः क्षयरोगाची, काविळीची व पोलिओची. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी पंचगुणी लस व तिच्याबरोबरच्या इतर मात्रा. नऊ महिने झाल्यावर गोवर-रुबेलाची. जिल्ह्याकडे जाणाऱ्या अहवालात या तारखांची संख्या होते: तिसरी मात्रा इतक्या बालकांना दिली. तो अहवाल आवश्यकच आहे. त्यावाचून लसीच्या किती कुप्या मागवावयाच्या ते कसे ठरणार? पण या पंचगुणी लसीच्या दोन मात्रांमध्ये निदान चार आठवड्यांचे अंतर हवे असते. मात्रा तीन झाल्या, हे संख्या सांगेल. त्या वेळेवर झाल्या की सहा महिने उशिरा झाल्या, ते तारीखच सांगेल. आणि कोणाची मात्रा येत्या बुधवारी द्यावयाची आहे हे तर केवळ तारखेलाच ठाऊक असते.

यासाठी आरोग्य सेविकांची एक साधी युक्ती आहे, ती मला फार आवडते. कार्डाचा एक भाग फाडून त्या आपल्यापाशी ठेवतात आणि तो एका कापडी पिशवीत घालतात. पिशवीला महिन्याचा एक याप्रमाणे बारा खिसे असतात. बाळाची पुढची मात्रा ज्या महिन्यात, त्या महिन्याच्या खिशात त्याचा कागद. महिना उजाडला की खिसा रिकामा करावयाचा. ज्याला लस मिळाली त्याचा कागद पुढच्या खिशात जातो, आणि जो कागद खिशातच उरतो त्याच्या घरी जावयाचे. संगणकाची साधने आली असली तरी शिवणयंत्रावर शिवलेले हे कोष्टक मला बुद्धीचे मोठे काम वाटते.

मुंबईच्या प्लेगचा इतिहास वाचताना मला हीच गोष्ट आढळली. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात, रोगाची साथ आलेली असताना, स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली. कोष्टक सोपे होते: लस घेतलेले आणि न घेतलेले, आजारी आणि मृत. परंतु लस टोचली त्याच दिवशी काहींना रोग झाल्याचे दिसून आले. त्यांना कोणत्या घरात मोजावयाचे? लस घेतलेल्यांत मोजले तर लस कुचकामी दिसते. रोगाची तारीख पाहिली तर मात्र कळते की, लसीने काम करण्याआधीच रोग शरीरात शिरलेला होता. तारीख नसती तर या प्रश्नाचा निकाल लावावयाचा कसा?

शून्य आणि तारीख यांमधला फरक पोलिओने साऱ्या देशाला शिकवला. वन्य विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा भारतातील शेवटचा रुग्ण हावडा जिल्ह्यात सापडला. तारीख १३ जानेवारी २०११. त्यानंतरच्या प्रत्येक वर्षाच्या घरात शून्य. एका शून्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. तीन वर्षे लोटावी लागली, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त असल्याचे जाहीर झाले. ती तीन वर्षे मोजली गेली ती शेवटच्या तारखेपासून.

हे सारे लिहिताना मी तारखेची वकिली करीत आहे असे वाटेल, म्हणून दुसरी बाजूही मांडते. तारीख खोटे बोलते तेव्हा आकड्याहून अधिक सफाईने बोलते. आमच्या जुन्या दाखल-रजिस्टरांत महाराष्ट्राच्या बाजूला १ जून आणि मध्य प्रदेशाच्या बाजूला १ जुलै या दिवशी जन्मलेली मुले इतकी भेटतात की, त्या दिवशी आकाशातून बालकांचा वर्षाव होत असावा. कारण उघड आहे. आईबापांना तारीख ठाऊक नसे, शाळा सुरू होताना मुलाचे वय तर भरले पाहिजे. मग गुरुजींनी लेखणी उचलून शाळेच्या सोयीची तारीख घालून दिली. आज त्यांतील कित्येकजण त्याच तारखेने निवृत्त होत आहेत. त्या पिढीतल्या मुलांच्या आया, माझ्या आजीप्रमाणे, जन्म कोणत्या सणाच्या आसपास झाला ते सांगू शकल्या असत्या. रजिस्टरात सणाचा रकाना नव्हता. तारीख दिसली की आपण तिला पुरावा समजतो, आणि येथेच फसगत होते.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. संख्येच्या अंगी एक सभ्यता असते. ‘जुलै ४’ असे फलकावर लावले तर कोणाचे काही उघडे पडत नाही. त्याच मुलीच्या १५, १६, १७, १८ या तारखा, त्यांच्याखाली १२, १३, १४, अशा भिंतीवर टांगल्या असत्या तर वर्गातील एखाद्या चौकस मुलाने चार आठवडे मोजायला कितीसा वेळ लावला असता? ज्या गोष्टीसाठी ती मुलगी घरी थांबत होती, तीच मी चव्हाट्यावर मांडली असती. म्हणून फलकावर संख्या लागते आणि तारखांचा कागद माझ्या खणात, कुलपाखाली राहतो. मुख्याध्यापकांना मी तो दाखवला नाही. नळ आणि कडी मागितली, कारण विचारले तेव्हा पाणी नाही एवढेच कारण पुरेसे होते. ज्याला उपाय करावयाचा आहे त्याला तारीख हवी. ज्याला केवळ माहिती हवी आहे त्याचे संख्येवर भागावे, असे माझे मत झाले आहे, आणि ते बदलावे असा प्रसंग अद्याप आला नाही.

आकड्याची निंदा करणे तर मला शोभणारच नाही, कारण ज्या जिल्ह्यात मी राहते त्याचा अभिमान मला एका आकड्यामुळेच वाटतो. २०११ च्या जनगणनेत बालाघाट जिल्ह्याची लोकसंख्या १७,०१,६९८ भरली आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया १०२१ निघाल्या. लेकी कमी होत चाललेल्या देशात हा आकडा लहान नाही. मात्र तो सांगताना त्याची तारीख सोडू नये. त्या जनगणनेचा संदर्भक्षण १ मार्च २०११ च्या प्रारंभीची मध्यरात्र हा होता. त्या क्षणी जिवंत असलेल्यांचीच ती गणती. ज्या बालिका त्या वेळी पाळण्यात होत्या त्या आज माझ्या विद्यार्थिनींच्या वयाच्या, किंवा त्यांहून मोठ्या आहेत. तरीही भाषणांतून तो आकडा आज सकाळी मोजल्यासारखा सांगितला जातो.

आता पालकांस एक विनंती. धनुर्वात-घटसर्पाची लस मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी द्यावयाची असते. शाळेत पथक येते त्या दिवशी जी मुले गैरहजर असतात त्यांची घरे कोरी राहतात. आमच्या कोष्टकात ओळींत विद्यार्थी आहेत आणि स्तंभ दोन आहेत, दहा व सोळा. प्रत्येक घरात लस दिल्याची तारीख लिहावयाची आहे. ज्यांनी ती दवाखान्यात स्वतंत्रपणे टोचून घेतली असेल त्यांनी कार्ड पाहून तारीख चिठ्ठीवर लिहून, घडी घालून पाठवावी. ‘घेतली आहे’ एवढेच लिहू नये. आणि कार्ड शोधताना त्यावरील जन्मतारीखही एकदा दाखल्याशी ताडून पाहावी. कार्डावर भाद्रपदातला एखादा दिवस आणि दाखल्यावर १ जून असे निघाले, तर दहावीचा अर्ज भरण्यापूर्वी शाळेच्या कार्यालयात येऊन सांगावे. अर्ज एकदा पुढे गेल्यावर ती दुरुस्ती फार अवघड होऊन बसते.